चाळीस रुपयांचं पाणी

“कॅम्पिंग का?” काउंटरवरच्या बाईंनी विचारलं आणि मी “हो” म्हणून मोकळी झाले.

झालं एवढंच. जुलै २०२०. घाऊक मालाचं अवाढव्य दुकान, जमिनीवर सहा-सहा फुटांवर चिकटवलेल्या पट्ट्या, बाईंच्या आणि माझ्या मध्ये प्लास्टिकचा पडदा, दोघींच्या तोंडाला मास्क. ट्रॉलीत पाण्याची दोन खोकी, एकेकात चाळीस बाटल्या. त्यांच्यावर सलाइनच्या छोट्या बाटल्या, गॉजचे गठ्ठे, ग्रॅनोला बार. बाई साठीच्या पुढच्या असाव्यात. खोकं उचलू नका असं खुणेनंच सांगून त्यांनी हातातलं यंत्र खोक्यावर धरलं, टुंई वाजलं, आणि त्या म्हणाल्या, “या आठवड्यात पाऊस नाही. मजा करा.” मी “तुम्हीसुद्धा” म्हटलं, जणू त्याही माझ्याबरोबर तंबू ठोकायला येणार होत्या. गाडीत सामान भरताना लेकीनं विचारलं, “आई, आपण कधी गेलोय कॅम्पिंगला?” खरंच कधी गेलो नव्हतो. वीस वर्षं अमेरिकेत, ऑरेगनमध्ये काढून आम्ही एकदाही तंबूत झोपलेलो नाही. नवऱ्याची पाठ आणि माझी झोप, दोन्हींना ते मानवणारं नाही. तरी ते “हो” इतकं सफाईनं तोंडातून निघालं, की गेले आठ दिवस त्याची तालीम करत असावे.

पाणी न्यायचं होतं पोर्टलंडच्या डाउनटाउनला. आमचं घर बीव्हरटनला. मध्ये टेकडी आणि तिच्या पोटातून जाणारा बोगदा. बोगद्याच्या अलीकडे आम्ही, म्हणजे चिप बनवणाऱ्या कारखान्यांत नाहीतर त्यांच्या आसऱ्यानं नोकऱ्या करणारे, शाळेचे गुण बघून घर घेणारे. पलीकडे जॉर्ज फ्लॉइड या काळ्या माणसाला पोलिसानं मारल्यावर मे महिन्याच्या अखेरीपासून रोज रात्री निदर्शनं, आणि जुलैत फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टाच्या इमारतीबाहेर लष्करी कपड्यांतले एजंट. आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटावर “डाउनटाउन टाळा” हा मजकूर पुन्हापुन्हा फिरत होता, मधूनमधून यंदा गणपतीची मूर्ती कुठं मिळेल याची चौकशी. लेकीचं कॉलेज मार्चमध्ये बंद पडलेलं, ती घरी. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ती फोनवर तिथलं थेट प्रक्षेपण बघायची. भिंतीपलीकडून फट्-फट् असे आवाज यायचे आणि मग कुणीतरी “मेडिक! मेडिक!” म्हणून ओरडायचं. दिवसा पोळ्या लाटतानाही ते ओरडणं माझ्या कानात असायचं. एक दिवस तिनं यादीच समोर ठेवली. तिथं जखमींची मलमपट्टी करणारे, डोळे धुऊन देणारे स्वयंसेवक होते, त्यांना काय काय लागतं याची. “पाणी तर आहे, आई. पाण्याला कोण नाही म्हणतं?”

नाही म्हणण्याचं कारण फ्रिजवर लावलेलं होतं.

त्या वसंतात मी नागरिकत्वाचा अर्ज भरला होता. एन-४०० नावाचा तो फॉर्म माणसाच्या आयुष्याची झडती घेतो. कुठल्या संघटनेत होतात का, कधी अटक झाली का, पोलिसांनी कधी थांबवून ठेवलं का. ‘कधीही’ हा शब्द त्यात ठळक छापलेला असतो. मुलाखतीसाठी तेव्हा शंभर प्रश्न पाठ करायचे असत, म्हणून मी कार्डं करून फ्रिजवर चुंबकानं अडकवली होती. सहावा प्रश्न: पहिल्या घटनादुरुस्तीनं दिलेला एक हक्क सांगा. उत्तरं पाच. बोलणं, धर्म, एकत्र जमणं, छापणं, आणि सरकारकडे दाद मागणं. दूध काढायला फ्रिज उघडला की ती पाच उत्तरं समोर यायची. दाद मागणं हे मी दरवेळी विसरायचे. तर असा हा हक्क पाठ करणारी बाई पाण्याच्या खोक्यांसमोर “कॅम्पिंग” म्हणाली. कुणी विचारत नव्हतं, ना पोलीस, ना फॉर्म. विचारलं होतं ते महिन्याचा पगार मोजत उभ्या असलेल्या एका दमलेल्या बाईनं, तेही गप्पा म्हणून.

लेकीनं एकटीनं जायचं नाही, अशी माझी अट. संध्याकाळी सातच्या सुमाराला निघालो, म्हणजे उन्हं अजून तिरपी आणि गडबड सुरू व्हायला अवकाश. दुकानांच्या काचांवर प्लायवूड ठोकलेलं, प्लायवूडवर चित्रं. कोर्टासमोर दोन जुन्या बागा आहेत, लाउन्सडेल आणि चॅपमन. त्यांच्या मधल्या रस्त्यावर एल्क सांबराचा ब्राँझचा पुतळा असायचा. खाली लावलेल्या आगीनं चौथरा खराब झाला म्हणून जुलैच्या सुरुवातीला तो हलवलेला. नुसता काळवंडलेला चौथरा उरलेला. मला वाटलं होतं, तिथं भीतीचा वास येईल. आला तो कोळशावर भाजलेल्या मांसाचा. बागेत ‘रायट रिब्स’ नावाची चूल पेटलेली होती. चार जुलैपासून ही मंडळी येईल त्याला फुकट जेवायला घालत होती. आम्ही शाकाहारी, त्यामुळे मी जरा वळसा घालून गेले, आणि गंमत म्हणजे त्यातही एक ओळखीचं काहीतरी होतं. वारीच्या वाटेवर रस्त्याकडेला मोठी पातेली मांडून “माऊली, घ्या” करत बसलेली माणसं असतात, त्यांची ती घाई. पानावर काय पडतंय ते सोडा, वाढणाऱ्याचा हात सगळीकडे सारखाच हलतो.

मेडिकचा कोपरा झाडाखाली होता. पाठीवरच्या पिशवीवर लाल चिकटपट्टीचा क्रॉस लावलेला एक तरुण खोकी उघडत बसला होता. आमची खोकी बघून तो खूश झाला आणि लगेच थोडा हिरमुसला. “पुढच्या वेळी पिचकारीचं तोंड असलेल्या बाटल्या आणा,” म्हणाला. मग खिशातून टोचा काढून त्यानं एका बाटलीच्या झाकणाला मधोमध भोक पाडलं, बाटली उलटी करून दाबली. बारीक, सरळ धार. “असं. नाकाकडून कानाकडे. उलट केलं तर दुसऱ्या डोळ्यात जातं.” दूध ओतू नका, लोक दूध आणतात, त्याचा उपयोग नाही, हेही त्यानं सांगितलं. मी त्या झाकणाकडे बघत राहिले. माझी आई इस्त्रीला बसायची तेव्हा तिच्याजवळ अशीच बाटली असे. तापवलेल्या सुईनं झाकणाला पाच-सहा भोकं पाडलेली, कपड्यांवर पाणी शिंपडायला. ते झाकण तिनं दहा-बारा वर्षं जपून वापरलं. मी त्या मुलाला म्हटलं, आण इकडे, मी पाडते. आणि मग सुमारे अर्धा तास मी आणि लेक, पाण्याच्या बाटल्यांना भोकं पाडत बसलो. कुणी भाषण केलं नाही. कुणी माझं नाव विचारलं नाही. नऊच्या आत आम्ही बोगद्यातून परत घरी.

त्याच जुलैच्या उत्तरार्धात चार स्वयंसेवक मेडिकनी पोर्टलंड शहरावर आणि फेडरल यंत्रणांवर नागरी हक्कांचा दावा लावला. नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या एसीएलयू या संघटनेच्या ऑरेगन शाखेचे वकील त्यांच्या बाजूनं. म्हणणं असं: अंगावर ठळक खुणा असताना, जखमींजवळ बसलेलो असताना आमच्यावर मारा केला, अश्रुधूर सोडला, ढकललं, अटक केली, मदत करतो म्हणूनच आम्हाला लक्ष्य केलं. लेकीनं अर्ज छापून आणला आणि आम्ही दोघींनी तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर वाचला, मध्ये शेंगांची ताटली. वाचताना मला आपला तो मुलगा यातला एक आहे का, एवढंच शोधायचं होतं. ओळखू आला नाही.

शहराच्या अधिकाऱ्यांवर असा दावा लावायचा रस्ता १८७१ सालच्या कायद्यातून येतो. अमेरिकेतल्या यादवीनंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या गुप्त टोळीनं काळ्या लोकांचा छळ मांडला आणि तिथले शेरीफ एक तर बघत बसले, नाहीतर रात्री तेच मुखवटे घालून फिरले. तेव्हा काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, ठरवलं की सरकारी अंमलानं हक्क तुडवला तर माणसाला थेट फेडरल कोर्टात जाता यावं. कायदा साधा. नंतर त्यावर शेवाळ चढत गेलं. क्वालिफाइड इम्युनिटी नावाचं एक तत्त्व कोर्टांनीच काढलं: हक्क मोडला हे दाखवून भागत नाही, तो हक्क आधीच्या निकालांत ‘स्पष्टपणे प्रस्थापित’ होता हेही दाखवा. म्हणजे पहिल्यांदा मोडलेला हक्क बहुतेक वेळा फुकटात मोडता येतो. आणि फेडरल एजंट असेल तर १८७१ चा तो कायदाच लागू नाही. त्यांच्यासाठी कोर्टानं १९७१ मध्ये वेगळी पायवाट पाडली होती, ती २०२२ पर्यंत सुप्रीम कोर्टानंच जवळपास बुजवून टाकली. तेव्हा एकाच रात्री, एकाच रस्त्यावर, रबरी गोळी शहराच्या पोलिसानं मारली की फेडरल एजंटानं यावर तुमचा दावा जगणार की नाही ते ठरतं. डोळ्यांतून पाणी वाहत असताना गणवेशाचा रंग नीट बघून ठेवायचा.

पण मला अडकवून ठेवलं ते दुसऱ्याच गोष्टीनं. त्याच शहरात पत्रकार आणि निदर्शनांत पोलिसांवर नजर ठेवणारे कायदेशीर निरीक्षक यांनी आधीच एक दावा लावला होता. त्यात न्यायाधीश मायकेल सायमन यांनी जुलैतच हुकूम दिला: जमावाला पांगायचा आदेश दिला तरी पत्रकारांनी पांगायची गरज नाही, त्यांना त्यासाठी अटक करायची नाही. मेडिक म्हणाले, आम्हालाही तसंच संरक्षण द्या. त्यांचं प्रकरण न्यायाधीश कॅरिन इमर्गट यांच्याकडे होतं आणि त्यांनी २०२० च्या सप्टेंबरात तात्पुरता हुकूम द्यायला नकार दिला. पांगा म्हटल्यावर मागे थांबायचा खास हक्क मेडिकना आहे, असं त्यांना दिसलं नाही. मला आधी भयंकर राग आला. मग विचार करत गेले तसा तो राग जरा अवघडला. पत्रकार बघायला आलेला असतो. लोकांच्या वतीनं बघतो, म्हणून त्याचं तिथं असणं हक्कात बसतं. मेडिक कशासाठी आलेला असतो? तो म्हणाला, मी फक्त जखमा बांधतो, माझा कुणाशी संबंध नाही, तर तो भला माणूस ठरतो. पण बोलण्याचा-जमण्याचा हक्क त्याला कुठून चिकटवायचा? आणि तो म्हणाला, मी या लोकांच्या बाजूनं आहे, माझी मलमपट्टी हेच माझं म्हणणं आहे, तर मग तो जमावातलाच एक. जमावाला जो नियम तो त्याला. दोन्हीकडून दार बंद. तुम्ही कुणाचे, हे कोर्टानं विचारलं नव्हतं खरं, पण त्या निकालातून मला सतत तेच ऐकू येत होतं. आणि माझ्याकडे त्याचं उत्तर तयार होतं: कॅम्पिंगवाल्यांची.

(न्यायाधीशांवर एका निकालावरून शिक्का मारू नये, हेही पुढं शिकले. ट्रम्प यांनीच नेमलेल्या याच इमर्गटबाईंनी ऑक्टोबर २०२५ मध्ये पोर्टलंडला नॅशनल गार्ड हे राखीव सैन्य पाठवण्याला स्थगिती दिली. ते प्रकरण आधी सायमन यांच्याकडे आलं होतं, त्यांनी ते सोडलं. लेकीनं मला फोन केला तो हसतच: “आई, तुझ्या त्या बाई!”)

पाणी बाजू घेतं, हे त्या वर्षी मला एका चित्रफितीनं दाखवलं. ऑगस्ट २५, विस्कॉन्सिनमधलं केनोशा. पोलिसानं जेकब ब्लेक या काळ्या माणसाच्या पाठीत आणि कुशीत मिळून सात गोळ्या घातल्यानंतरची तिसरी रात्र, संचारबंदी लागू. चिलखती गाडीतून पोलीस रस्त्यावरच्या बंदूकधारी नागरिकांना पाण्याच्या बाटल्या देतात आणि ध्वनिवर्धकावरून सांगतात, तुमचं आम्हाला खरोखर कौतुक आहे. त्या घोळक्यात सतरा वर्षांचा एक मुलगा होता. थोड्याच वेळात त्यानं दोघांना ठार केलं आणि तिसऱ्याचा दंड फोडला. तो तिसरा मेडिक म्हणून आला होता, त्याच्याजवळही पिस्तूल होतं, हे सांगायलाच हवं, नाहीतर गोष्ट फारच सोपी होते. पुढं मुलगा निर्दोष सुटला. मेडिकनं आणि मेलेल्यांपैकी एकाच्या वडिलांनी नागरी हक्कांचे दावे लावले, आणि पोलिसांनी त्या रात्री कुणाला आपलं मानलं हाच त्यांतला मुद्दा होता. दुसऱ्या संध्याकाळी त्याच गावात सिएटलहून आलेल्या, निदर्शकांना जेवू घालणाऱ्या ‘रायट किचन’च्या लोकांना पेट्रोल पंपावर पकडलं. डब्यांत इंधन भरत होते म्हणून संशय. ते म्हणाले, जनरेटरसाठी, स्वयंपाकासाठी. त्यांच्या व्हॅनची काच फोडून आतल्यांना ओढून काढताना कुणीतरी टिपलंय. मी लॉन कापायच्या यंत्रासाठी दर उन्हाळ्यात पंपावर लाल डबा भरते. आजवर कुणी माझ्याकडे मान वळवून बघितलेलं नाही.

अशा बायका-माणसांबद्दल वाचायचा मला नादच लागला. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपीला गेलेले डॉक्टर आणि नर्सेस सापडले, रस्त्यावरच्या मेडिकांचे ते पूर्वज. पण माझी आवडती म्हणजे अलाबामातल्या माँटगोमरीची जॉर्जिया गिलमोर. खानावळीत स्वयंपाकाला होती. काळ्यांना वेगळं बसवणाऱ्या बसवर तिथल्या काळ्या लोकांनी बहिष्कार टाकला, त्याबद्दल १९५६ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावर खटला चालला, त्यात तिनं साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. मग ती घरीच रांधायला लागली. बायकांचा गट जमवून तळलेलं चिकन, सँडविच, पाउंड केक, रताळ्याचं गोड सारण भरलेले ‘पाय’ विकायचे आणि पैसे बहिष्काराच्या सभेत आणून द्यायचे. बससाठी नव्हे, बसमध्ये न बसण्यासाठी: लोकांना कामावर नेणाऱ्या गाड्यांच्या पेट्रोलसाठी. पैसे कुठून आले? कुठूनच नाही. गटाचं नावच ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. विकत घेणाऱ्यांत काही गोरेही होते. कुणाचं नाव बाहेर पडून कुणाची चूल विझू नये म्हणून हे ‘कुठूनच नाही’. हे वाचून मला क्षणभर बरं वाटलं, की खोटं बोलणाऱ्यांची परंपरा चांगली आहे. मग लक्षात आलं, तिनं दुसऱ्यांना वाचवायला नाव झाकलं होतं. स्वतः ती कोर्टात उभी राहून नावानिशी बोलून आली होती.

आणि एकदाच नाही. पुढच्याच वर्षी तिचा किशोरवयीन मुलगा गोऱ्यांसाठी राखलेल्या बागेतून गेला म्हणून पोलिसांनी त्याला मारलं. बाईनं शहरावर दावा लावला. गिलमोर विरुद्ध सिटी ऑफ माँटगोमरी. १९५९ मध्ये कोर्टानं सांगितलं, बागा सर्वांना खुल्या करा. शहरानं काय केलं? सगळ्याच बागा बंद करून टाकल्या. गोऱ्यांना नको, काळ्यांना नको, झोपाळे गंजू देत. बागांचं ते प्रकरण वेगवेगळ्या रूपांत चालत राहिलं आणि १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टात पोचलं. १९९० मध्ये, मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमरी मोर्चाच्या पंचविसाव्या स्मरणदिनी ती गेली, तेव्हा मोर्चेकऱ्यांसाठी चिकन आणि मॅकरोनी करून ठेवत होती. ते अन्न मग तिच्या मयताला आलेल्यांना वाढलं.

बागा बंद केल्याचं वाचलं आणि मी पुस्तक मिटलं. कारण ही गोष्ट मला माहीत होती. मी महाडची आहे.

आमचं घर तळ्यापासून फार लांब नाही. चवदार तळं आम्हाला शाळेत शिकवलं गेलं ते एका परिच्छेदात: २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, ओंजळभर पाणी. नगरपालिकेनं तळं सर्वांना खुलं करून तेव्हा तीन वर्षं झाली होती, कागदावर. लोक पाणी प्यायले, परत येताना त्यांना मारहाण झाली, आणि नंतर तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दह्याचे एकशे आठ घट ओतून ते ‘शुद्ध’ केलं. डिसेंबरात स्पृश्यांनी दिवाणी दावा लावला आणि तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. गंमत बघा, तात्पुरता मनाई हुकूम हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तो तळ्याच्या संदर्भात, आणि तो पाणी पिणाऱ्यांच्या विरुद्ध होता. मुंबई हायकोर्टाचा शेवटचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं. लहानपणी दर २० मार्चला गावात निळे झेंडे, बाहेरगावच्या गाड्या, ढोल, आणि आमच्या घरात आजीचं ठरलेलं वाक्य: “आज तळ्याकडं जाऊ नकोस गं, गर्दी असेल.” यात द्वेष नव्हता, मी शपथेवर सांगते. आजी मुंगीलाही लाटण्यानं मारायची नाही. फक्त गर्दी असेल. डाउनटाउन टाळा.

पुण्यात कॉलेजला असताना मी एका चरित्रात एक वाक्य वाचलं. परिषदेला आलेल्या हजारो माणसांना प्यायला पाणी नव्हतं, म्हणून स्पृश्यांकडून चाळीस रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. लेखकानं ते जाताजाता सांगून टाकलंय. मी मात्र तिथंच थांबले. विकत घेतलं म्हणजे कुणीतरी विकलं. तळ्याच्या आसपासच्या कुठल्यातरी आडावर रहाट फिरला, कुणीतरी वरून ओतलं, कुणीतरी पैसे मोजून घेतले. आपल्या घरामागे आड आहे. १९२७ मध्ये पणजोबा चाळिशीचे असतील. ती माणसं तहानेली होती आणि पाणी दिलं, म्हणून तो दानधर्म म्हणायचा, की तळं समोर असताना विकलं, म्हणून धंदा? त्या गावात नगराध्यक्ष टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे यांच्यासारखे उघडपणे बरोबर उभे राहिलेलेही होते. डिसेंबरच्या परिषदेला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी दिली. त्या सगळ्यांची नावं आहेत. चाळीस रुपये घेणाऱ्याचं नाव नाही. आजीला विचारायचं विचारायचं म्हणत ती गेली.

सप्टेंबर २०२० मध्ये ऑरेगनला वणवे लागले. आकाश नारिंगी, मग तपकिरी. दाराखालच्या फटीत ओले टॉवेल. जगातली सर्वांत वाईट हवा काही दिवस आमच्याकडे. शंभराहून जास्त रात्री चाललेली निदर्शनं शेवटी काही दिवस त्या धुरानंच थांबवली. डाउनटाउनला अन्न-पाणी देणारे कितीतरी गट एका रात्रीत घरदार सोडून आलेल्यांच्या मदतीला वळले. तीच टेबलं, त्याच बाटल्या. मी पुन्हा त्या दुकानात गेले. या वेळी तीन खोकी. त्याच बाई होत्या की नाही, मास्कमुळे सांगता येत नाही. “वणव्यासाठी का?” “हो!” मी म्हटलं, इतक्या मोठ्यानं की मागच्या रांगेतल्या माणसानं वर बघितलं. त्यानं अंगठा दाखवला. मी घरी येईपर्यंत खुशीत होते. मग भाजी चिरताना ती खुशी हळूहळू आंबत गेली. पाणी तेच, भाव तोच, डोळ्यांत गेलेला धूर फक्त वेगळ्या नळकांड्यातून आलेला.

नागरिकत्वाची मुलाखत झाली. अटक? नाही. थांबवून ठेवलं? नाही. अधिकाऱ्यानं सहावा प्रश्न विचारला, आणि पाचांपैकी मी कुठलं उत्तर दिलं असेल? “धर्म.” सर्वांत बिनधोक वाटलं म्हणून. पास झाले.

गेल्या डिसेंबरात महाडला गेले. अण्णाकाका आता चौऱ्याऐंशीचे. घराच्या भिंतीवर जुलै २०२१ च्या पुराची खूण त्यांनी मुद्दाम रंगवू दिलेली नाही, माझ्या खांद्याच्या वर येते. संध्याकाळी ओटीवर बसलो होतो, काकूंनी तांब्या-भांडं आणून ठेवलेलं. मी त्यांना सगळं सांगितलं. बागेतली चूल, झाकणाला पाडलेली भोकं, कोर्टात गेलेले मेडिक, काउंटरवर मी काय बोलले ते. आणि मग विचारलं: काका, ते चाळीस रुपयांचं पाणी. आपल्या आडाचं होतं का?

काकांनी पाय वर घेतला. बराच वेळ अंगठ्याचं नख बघत बसले.

“आपला आड तेव्हा गोडा होता,” एवढं म्हणाले. मग जरा थांबून, मी विचारलंच नव्हतं ते सांगायला लागले. “पुरात तीन दिवस आम्ही माळ्यावर होतो. आडात मेलेलं जनावर. पाणी पहिल्यांदा आणलं ते तळ्यावरच्या पोरांनी. गळ्यात निळी उपरणी. होडीतून खोकी. हिनं पैसे काढले तर एक पोरगा म्हणाला, आजी, ठेवा.” त्यांनी भांड्यातलं पाणी एका दमात संपवलं.

आत काकूंनी दिवा लावला. आडावरची लोखंडी जाळी आता गंजलीय, पंप बसवल्यापासून त्यात कुणी डोकावत नाही. मी पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात काका माझ्याकडे वळले.

“बरं, मला एक सांग. हे कॅम्पिंग म्हणजे नक्की काय करतात गं? घर असून बाहेर झोपायचं?”

“हो काका,” मी म्हटलं, आणि तंबू कसा ठोकतात ते सांगू लागले, जे मी कधी केलेलंच नाही.